कमरेचा टोला आणि पुढचा गुडघा

टेनिस बॉलचं वजन साठ ग्रॅमही भरत नाही. लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. जड चेंडू वेगात आला की बॅट नुसती नीट आडवी घातली तरी तो सीमेकडे पळतो. गोलंदाजाने दिलेला वेगच फलंदाजाच्या कामी येतो. टेनिस बॉलचं तसं नाही. तो हवेत लगेच दमतो. त्याला साठ मीटर लांब पाठवायचं तर सगळा वेग बॅटनेच द्यावा लागतो, आणि तेवढा वेग एकट्या मनगटात नसतो, दंडातही नसतो. कांजूरमार्गला रविवारी सकाळी टेनिस क्रिकेटची मॅच बघायला उभं राहिलं की हे पाच मिनिटांत कळतं. भरदार दंडाची मुलं झेलबाद होऊन परततात आणि एखादा सडपातळ पोरगा, ज्याच्या मनगटात घड्याळही सैल बसतं, तो चेंडू झाडांवरून पार करतो.

तो पोरगा बाद झाल्यावर क्रीजवरची माती बघावी. मागच्या पायाचा अंगठा जिथे होता तिथे वाटीएवढा गोल खळगा पडलेला असतो, कारण टाच उचलून तो पाय अंगठ्यावर फिरलेला असतो. पुढच्या पायाची खूण वेगळी असते. टाचेचा एकच खोल ठसा, आणि कडेची माती बाहेरच्या बाजूला ढकललेली. मागचा पाय फिरला आणि पुढचा रुतून उभा राहिला. या दोन खुणांच्या मधे जे घडलं त्याला आता प्रशिक्षक ‘हिप रोटेशन’ म्हणतात. बेसबॉल आणि सॉफ्टबॉलमध्ये फटका शिकवण्याची सुरुवात तिथूनच होते. क्रिकेटमध्ये हे आयपीएलच्या मागोमाग अमेरिकेतून आलं, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. कमरेला फिरायला शिकवण्याच्या वाटा आपल्याकडे आधीपासून होत्या, त्यातली एक तर चक्क सॉफ्टबॉलचीच होती, पण त्या क्रिकेटच्या मैदानापर्यंत पोचल्या नाहीत.

सगळ्यात जुनी वाट तालमीची. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला हाताने उचलून फेकणारा पैलवान लवकर थकतो. वस्ताद शिकवतो ते आत शिरायला. पाठ फिरवायची, आपली कंबर समोरच्याच्या कमरेखाली न्यायची आणि पाय सरळ करत वळायचं, हात फक्त पकड सोडत नाहीत. ढाक या डावात हेच होतं. साताऱ्याच्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ढाकेसाठी ओळखले जात. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अंगाने ते लहानखुरे होते. एवढ्याशा शरीरातून एवढी फेक येते कुठून, याचं उत्तर कमरेत होतं. तालमीत हे शब्दांनी फारसं शिकवत नाहीत. वस्ताद तळहाताने कंबर ढकलून दाखवतो, त्याच्या पुढे सराव बोलतो. ही शिकवण पुस्तकात उतरली नाही, म्हणून तिला शास्त्राचा मान मिळाला नाही याची मला खंत वाटते.

विटीदांडूतला टोलाही याच जातीचा. हवेत उडालेल्या विटीला गोलंदाजाचा वेग नसतोच, सगळं दांडूने द्यायचं. लांब टोला मारणारी पोरं अंग पिळून मारत. त्यांना कुणी शिकवलेलं नसे.

आता क्रिकेट. १ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाकडून खेळताना नागपूरच्या सी. के. नायडूंनी इंग्लंडच्या एमसीसीविरुद्ध १५३ धावा काढल्या, त्यात ११ षटकार होते. भारतीय फलंदाज किती लांब मारू शकतो हे साहेबाच्या संघाने त्या दिवशी बघितलं, आणि पुढे दोनच वर्षांत क्रिकेट नियामक मंडळ उभं राहिलं, त्यामागे या खेळीचाही हात होता. पण मुंबईच्या शाळांत आणि क्लबांत पुढे जे शिकवलं गेलं ते नायडूंचं नव्हतं. तिथे १९५२ साली निघालेल्या एमसीसीच्या प्रशिक्षण-पुस्तकातली मांडणी आली. डावा खांदा पुढे, कोपर वर, डोकं चेंडूवर, पुढचा गुडघा वाकवून चेंडूजवळ जा, बॅट सरळ, चेंडू जमिनीवर.

या मांडणीला मुंबईत भक्कम कारण होतं. १९४८ पासून कांगा लीग पावसाळ्यात भरते. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी उसळतो, कधी सरपटतो, कधी थांबून येतो. तिथे कंबर आधी उघडली की बॅट चेंडूच्या रेषेतून बाहेर जाते आणि यष्ट्या जातात. बेसबॉलमध्ये मागे यष्ट्या नसतात, पायचीत नसतं. नुसता चेंडू हुकला तर तिसऱ्या वेळीच बाद. मुंबईच्या फलंदाजाला एकाच चुकीची शिक्षा घरी जायची. म्हणून इथल्या शिक्षकांनी कमरेला बांधून ठेवलं आणि ते बरोबरच होतं. त्या शिस्तीतून या शहराने फलंदाजांच्या पिढ्या घडवल्या. ‘हवेत मारू नकोस’ हे वाक्य शिवाजी पार्क आणि आझाद मैदानावर वाढलेल्या प्रत्येकाच्या कानात आहे.

मला इथे महत्त्वाचा वाटतो तो गुडघा. पुढचा गुडघा वाकला की डोकं चेंडूवर येतं, बॅटचा चेहरा खाली झुकतो, चेंडू गवतावरून जातो. तोच गुडघा फटक्याच्या क्षणी ताठ झाला की कंबर अडते, वरचं शरीर झपकन पुढे येतं आणि चेंडू वर उठतो. मुंबईच्या आणि बेसबॉलच्या शिकवणीतलं भांडण कमरेवरून चाललंय असं वाटतं, पण फरक खरा पुढच्या गुडघ्यात आहे.

अमेरिकेत हे कळायलाही वेळ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथलेही चांगले फलंदाज दांडा आखूड धरून, हात एकमेकांपासून लांब ठेवून चेंडू हलकेच मोकळ्या जागेत ढकलत. टाय कॉब त्यांचा मेरुमणी. मग बेब रूथ आला. १९२० साली त्याने एका हंगामात ५४ होमरन मारल्या, आणि आखूड दांड्याच्या खेळाची सद्दी संपली. त्याच्या फटक्याची जुनी छायाचित्रं पाहा. मागची टाच उचललेली, कंबर पूर्ण गोलंदाजाकडे वळलेली, पुढचा पाय काठीसारखा ताठ. डॉन ब्रॅडमन १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये त्याला भेटले. १९३५ साली तो लंडनमध्ये ॲलन फेअरफॅक्स यांच्या क्रिकेट स्कूलमध्ये नेटमध्ये उतरला. आधी त्याला क्रिकेटचा रिवाजी स्टान्स दिला, त्यात तो अवघडला. मग तो स्वतःच्या बेसबॉलच्या स्टान्समध्ये उभा राहिला आणि चेंडू फोडून काढू लागला. दोन शिकवणी एकाच नेटमध्ये समोरासमोर आल्या होत्या, पण त्यातून कुणी काही उचललं नाही.

रूथ मारत होता, शिकवत नव्हता. शिकवणीला भाषा दिली टेड विल्यम्सने. १९४१ साली .४०६ ची सरासरी, म्हणजे दर दहा प्रयत्नांत चारहून अधिक यशस्वी फटके, काढणारा हा माणूस, आणि त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या पूर्ण हंगामात कुणी .४०० गाठलेली नाही. निवृत्त झाल्यावर त्याने जॉन अंडरवुडबरोबर ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ लिहिलं. त्यात तो सांगतो ते असं: पाय पुढे टाकताना कंबर आधी किंचित आत वळवायची, बंदुकीचा घोडा ओढल्यासारखी, आणि मग ती पहिली सुटायची, हात तिच्या मागून येतात. हातांनी सुरुवात करणारा फलंदाज त्याच्या मते आपली अर्धी ताकद घरी ठेवून येतो.

त्याला आव्हान दिलं चार्ली लाऊने. लाऊ स्वतः साधारण फलंदाज होता, पण कॅन्सस सिटी रॉयल्सचा प्रशिक्षक झाल्यावर त्याने फिल्म पुन्हा पुन्हा बघून फटक्याचे तुकडे केले. त्याचा शिष्य जॉर्ज ब्रेट याने १९८० साली .३९० ची सरासरी काढली, त्याच वर्षी लाऊचं पुस्तकही आलं. लाऊचं म्हणणं, फिरणं नंतर, आधी वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर गेलं पाहिजे. मग अमेरिकेतल्या प्रशिक्षकांत दोन तट पडले. एक कंबर फिरवणाऱ्यांचा, दुसरा वजन सरकवणाऱ्यांचा. विल्यम्सच्या हाताखाली वॉशिंग्टनमध्ये खेळलेला माइक एपस्टाइन पुढे फिरण्याच्या बाजूने शिकवत राहिला. वर्षानुवर्षं हा वाद चालला. आज दोघांची शिकवण शेजारी ठेवली तर दिसतं की एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं: चेंडूला बॅट लागते तेव्हा पुढची बाजू घट्ट, न हलणारी हवी. ज्या मुद्द्यावर भांडण नव्हतं, त्याकडे भांडणाऱ्यांचं लक्ष कमी गेलं.

त्या भांडणाच्या काळात शाळकरी मुलांपर्यंत एक सोपं वाक्य पोचलं: मागच्या पायाखाली किडा आहे असं समज आणि तो चिरड. लाखो मुलं किडे चिरडत मोठी झाली. नंतर वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलं की मोठ्या फलंदाजांचा मागचा पाय चेंडू लागताना जवळजवळ रिकामा असतो, कधी तर जमिनीवरून उचललेला असतो. तो फिरवत नसतो, ओढला जातो. किडा चिरडणारं मूल वजन मागेच ठेवतं आणि जागच्या जागी फिरतं. कंबर दिसायला छान वळते, चेंडू मात्र जात नाही. कांजूरच्या क्रीजवरचा तो मागचा खळगा म्हणूनच फसवा आहे. डोळा आधी त्याच्यावर जातो, काम पुढच्या ठशाने केलेलं असतं.

जपानने तिसरीच वाट काढली, आणि ती आपल्या तालमीशेजारून जाते. सादाहारू ओह १९६२ पर्यंत फार चमकला नव्हता. प्रशिक्षक हिरोशी अराकावा यांनी त्याला एका पायावर उभं राहायला लावलं, आयकिदोच्या गुरूंकडे नेलं, हातात तलवार दिली आणि टांगलेला कागद कापायला लावला. पुढचा पाय वर, सगळं शरीर मागच्या पायावर तोललेलं, मग पाऊल खाली रुतलं की कंबर आणि शेवटी दांडा. ओहने कारकिर्दीत ८६८ होमरन मारल्या. जपानी प्रशिक्षकाला आपल्या मातीतली युद्धकला फलंदाजीच्या कामी आणावीशी वाटली. कोल्हापूरचा वस्ताद आणि दादरचा क्रिकेट कोच एकाच राज्यात होते, तशी गाठ इथे पडली नाही.

एक गाठ मात्र योगायोगाने जवळ आली होती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलं. १९३६ साली मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी गेलं आणि तिथे मल्लखांब, कबड्डी असे आपले खेळ दाखवले. त्याच ऑलिंपिकमध्ये १२ ऑगस्टला बेसबॉलचा प्रदर्शनी सामना झाला, अमेरिकेचेच दोन संघ, पाहायला सुमारे ९० हजार माणसं. एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात अमरावतीचे खेळाडू आणि बेसबॉल. त्यांचा एकमेकांशी संबंध आला असं मी म्हणणार नाही. पण अमरावतीसारख्या संस्थांनी जे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवले, त्यांच्यामुळे महाराष्ट्राच्या शाळांत क्रिकेटपलीकडचे खेळ पोचले, हे नक्की. मुंबईच्या उपनगरातही कांदिवलीला १९३८ साली सरकारने शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था काढली. तिथून बाहेर पडलेला पीटी शिक्षक शाळेत गेला की हाती असेल त्या मैदानावर बसेल तो खेळ लावी.

सॉफ्टबॉल तिथे बसला. हा खेळ १८८७ साली शिकागोत एका क्लबच्या बंद हॉलमध्ये सुरू झाला, बॉक्सिंगच्या हातमोज्याचा चेंडू आणि झाडूचा दांडा घेऊन. त्याला सॉफ्टबॉल हे नाव मिळालं १९२६ साली. बेसपासून बेस साठ फूट, म्हणजे १८ मीटर. शाळेच्या पटांगणात मावतो. भारतात त्याची संघटना १९६१ साली झाली, बेसबॉलचा महासंघ १९८३ साली. महाराष्ट्रात हा खेळ मुंबईपेक्षा जळगाव, अमरावती, पुणे आणि तेव्हाचं औरंगाबाद इथे रुजला, आणि मुलींमध्ये विशेष. शालेय स्पर्धांत तो आला, शिवछत्रपती पुरस्कार सॉफ्टबॉलच्या खेळाडूंना मिळू लागले, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आल्यावर तर गावाकडच्या घरांनी मुलीला मैदानावर पाठवायला हरकत घेणं कमी केलं. या सगळ्यात कमरेची शिकवण शांतपणे चालू होती.

ती कशी चालते हे पाहण्यासारखं आहे. लोखंडी नळी जमिनीत रोवतात, वर रबरी पाइपचा तुकडा, त्यावर चेंडू. याला टी म्हणतात. मुलगी बॅट पाठीमागे घेते, दोन्ही कोपरांत अडकवते, म्हणजे हात बादच. मग पाय टाकून फक्त कंबर वळवायची. बाई समोर उभ्या. त्या मुलीच्या कमरेकडे बघत नाहीत, तिच्या पुढच्या गुडघ्यावर नजर ठेवतात. गुडघा बाहेर कलला की ‘थांब, परत’. पाऊल पडलं की गुडघा सरळ व्हायला हवा, बोटं तिरकी, टाच घट्ट. शंभर वेळा असं झाल्यावर बॅट हातात येते. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर ४३ फुटांवरून टाकते, चेंडू खालून वर उसळत येतो आणि फलंदाज मुलीला साधारण चार दशांश सेकंद मिळतात. एवढ्या वेळात कंबर आधी की हात आधी हा विचार होत नाही. म्हणून तो आधीच गुडघ्यात भरून ठेवायचा.

मोजमापही याच बाजूने निघालं. १९९५ साली अमेरिकेत वेल्च आणि सहकाऱ्यांनी व्यावसायिक बेसबॉलपटूंच्या फटक्याचा अभ्यास केला. कंबर सर्वाधिक वेगात सेकंदाला ७१४ अंश फिरते, म्हणजे जवळजवळ दोन पूर्ण फेऱ्या. तिच्यानंतर खांदे ९३७ अंशांवर पोचतात. त्यानंतर हात, आणि शेवटी बॅट सेकंदाला ३१ मीटर. प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा वेगात जातो, कारण आधीचा भाग तोवर मंदावतो आणि आपला वेग पुढच्याच्या हाती देतो. कंबर फिरतच राहिली तर खांद्यांना काही मिळत नाही. तिला अडवतो पुढचा पाय. त्याच अभ्यासात त्या पायावर शरीराच्या वजनाच्या १२३ टक्के भार आढळला. सत्तर किलोच्या खेळाडूच्या पायावर ८६ किलो. भालाफेकीतही असंच होतं, शेवटचं पाऊल रुतलं नाही तर भाला जात नाही. म्हणजे फिरण्याइतकंच थांबणंही शिकवावं लागतं, आणि माझ्या मते थांबणंच जास्त.

क्रिकेटला हे सगळं लागलं ते ट्वेंटी-२० आल्यावर. आयपीएल २००८ साली सुरू झालं, आणि चेंडू हवेत मारणं ही चूक राहिली नाही, नोकरी झाली. इंग्लंडचे ज्युलियन वुड यांनी बेसबॉलच्या प्रशिक्षकांकडून शिकून ही विद्या क्रिकेटमध्ये आणली. २०२२ साली ते पंजाब किंग्जबरोबर काम करत होते. पण मुंबईत तोवर टेनिस क्रिकेटने आपलं आपण बरंच काही शोधून काढलं होतं. चेंबूरच्या अणुशक्तीनगरात वाढलेला सूर्यकुमार यादव यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून मागे मारतो तो सुपला रबरी आणि टेनिस चेंडूच्या मैदानावरूनच आलाय, आणि ते नावही त्याने तिथूनच आणलं. कंबर लेगच्या बाजूला झपकन उघडते, मागचा गुडघा खाली जातो, डोकं मात्र जागचं हलत नाही. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली, टेनिस बॉलची दहा षटकांची. कांजूरमार्गहून ते चौथं स्टेशन. रविवारी ज्यांना आपण मैदानाच्या कडेला उभं राहून बघायचो, तसे खेळाडू तिथे पैसे घेऊन, दिव्यांखाली खेळले.

कांजूरमध्ये आता मैदानं आक्रसली आहेत. पूर्वेला मिठागरं आणि द्रुतगती महामार्ग, पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्गावरचे मनोरे. खेळ जाळीच्या टर्फवर आलाय, तासाच्या भाड्याने. तिथे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ‘कंबर फिरव’ असं ओरडून सांगितलं जातं. मुलं आज्ञाधारकपणे फिरवतात, आधीच फिरवतात, हात मागे राहतात आणि चेंडू बॅटच्या टोकाला लागून जाळीत जातो. मग पालकांना वाटतं पोराच्या अंगात ताकद नाही. अमेरिकेत किडा चिरडून झालेली चूक इथे नव्याने होते आहे, आणि ती टाळायला परदेशी सल्लागार नको. उपनगरातल्या क्रिकेट अकादमींनी आठवड्यातून एक सकाळ सॉफ्टबॉलच्या बाईंना बोलवावं, टी घेऊन. लॉस एंजेलिसच्या २०२८च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट, बेसबॉल आणि सॉफ्टबॉल तिन्ही खेळ आहेत. तोवर निदान एका टर्फवर तरी क्रिकेटच्या मुलांना बॅट कोपरांत अडकवून उभं केलेलं मला बघायचंय, आणि समोर कुणीतरी त्यांच्या पुढच्या गुडघ्यावर नजर ठेवून असावं.